जनावराच्या उपचारावर खर्च : तुम्ही कुठवर गेलात?

आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्राडोर कुत्रीला पायोमेट्रा झालाय, म्हणजे गर्भाशयात पू. ऑपरेशनचे ३५ हजार सांगितलेत. सासरे म्हणतात, एवढ्यात दोन नवी पिल्लं येतील. अशा वेळी तुम्ही कसं ठरवलंत? आकड्यांसकट लिहा, संकोच नको.

—

यात ठरवायला वेळ नसतो, लगेच करा. पिशवी काढली की प्रश्न मिटला. आमची टाके निघायच्या आतच सोफ्यावर चढून बसली होती. मुंबईत असाल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात चौकशी करा, खासगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

—

आमच्या बोक्याची लघवी तुंबली. सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथायचा, थेंब नाही. आई बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधत होती. डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मूत्राशय दगडासारखं टणक. नळी घातली, सलाइन लावलं, घरी आणला आणि आठवड्यात पुन्हा तेच. मग नवऱ्याने सरळ विचारलं, "तुमचा असता तर काय केलं असतंत?" डॉक्टरांनी पॅड ओढलं. एकीकडे पुन्हा नळी, दुसरीकडे मूत्रमार्ग रुंद करायचं ऑपरेशन. दोन्हीपुढे खर्च आणि परत तुंबायची शक्यता लिहिली. तो कागद समोर आल्यावर घरातली भांडणं थांबली. ४० हजार गेले, माझी भिशी त्यातच संपली. बोका ठणठणीत आहे आणि अजिबात कृतज्ञ नाही.

—

आम्ही नाही केलं. तेरा वर्षांचा कुत्रा, रक्तात क्रिएटिनिन ९, म्हणजे किडन्या गेलेल्या, डायलिसिसचा विषय निघाला. पैसे होते. पण दवाखान्याच्या पायरीवरच तो थरथरायचा, आणि गेलेल्या किडन्या काही परत येणार नव्हत्या. डॉक्टरांनी घरी येऊन कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. "पैसे वाचवले" म्हणणारे नातेवाईक आहेत. म्हणोत.

—

सातारा जिल्हा, गावठी पिल्लू, पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, सलाइनची सुई टोचून घेतली आणि पुढची सलाइनं घरीच, बाटली गोठ्यातल्या खुंटीला. वाचलं. गावठी कुत्र्याला कशाला सलाइन, असं सगळे म्हणाले. म्हशीला लावलं की कुणी विचारत नाही, ती दूध देते ना!

—

न्यू जर्सीहून. इथे विमा मिळतो, पण घ्यायचा तर पिल्लूपणीच. आमच्या कुत्रीचा डावा गुडघा विम्याआधीच गेला होता. नंतर उजव्याचं लिगामेंट तुटलं, तर कंपनीने तेही जुनंच दुखणं धरलं. साडेसहा हजार डॉलर खिशातून भरले.