पाऱ्याच्या दिव्यांच्या प्रकाशातील उबदारपणा

प्रश्न: माझ्याकडे पाऱ्याच्या वाफेचे दोन दिवे आहेत. पारदर्शक काचेच्या दिव्याखाली हाताची कातडी हिरवट, जवळजवळ आजारी दिसते, तर दुधी काचेच्या दिव्याखाली ती बरीच नैसर्गिक वाटते. हा फरक काचेमुळे पडतो का?

उत्तर १: काचेमुळे नव्हे, तिच्या आतील फॉस्फरच्या, म्हणजे अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणाऱ्या पदार्थाच्या, लेपामुळे. पाऱ्याचा दृश्य प्रकाश मुख्यतः ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या अरुंद रेषांत एकवटलेला असून त्यात तांबडा जवळपास नसतोच. लेप दिव्यातील अतिनील किरणे शोषून तांबडा प्रकाश देतो आणि ती उणीव काही अंशी भरून काढतो.

उत्तर २: लेपाच्या दिव्याचे रंगतापमान (प्रकाश किती उबदार वा निळसर आहे हे सांगणारा आकडा; तो जितका कमी तितका प्रकाश उबदार) साधारण ४००० केल्विन असते, बिनलेपाच्याचे ६००० च्या आसपास. मात्र केवळ आकड्यावर विसंबू नये. लाल कापड धरून पाहा, बिनलेपाच्या दिव्याखाली ते मळकट तपकिरी दिसेल. त्याआधी दोन्ही दिवे पाच-सात मिनिटे तापू द्यावेत.