मदत हवी आहे : इतवारीतलं दुकान, आजोबांच्या नावाची आखीव पत्रिका आणि बाबांचं मृत्युपत्र (नागपूर)

नंदनवनची लेक

नमस्कार मंडळी. मालमत्ता, कर आणि घरचा धंदा हे तिन्ही एकत्र बघणारा वकील नागपुरात कसा निवडावा, हा माझा मूळ प्रश्न. नुसतं तेवढंच विचारलं तर "अमक्याला भेटा" एवढंच उत्तर येईल, म्हणून अख्खी कुंडली मांडते.

इतवारीत आमचं भांड्यांचं ठोक दुकान आहे. जागा आजोबांनी १९६१ साली स्वतःच्या कमाईतून घेतली, खरेदीखत घरात आहे. आजोबा १९८३ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, नंतर आजीही. आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या सरकारी नोंदीच्या कागदावर, आजही आजोबांचंच नाव. मुलं चार : बाबा, काका आणि दोन आत्या. मोठी आत्या आता नाही, तिची दोन्ही मुलं रायपूरला असतात. धंदा मात्र बाबा आणि काका या दोघांचाच, १९८६ च्या भागीदारीपत्रावर चाललेला. ते मी परवा नीट वाचलं. नफा-तोटा निम्मा-निम्मा, उचल किती, सही कोणाची, सगळं आहे. भागीदार वारला तर पुढे काय, यावर एक ओळ नाही.

बाबा चौऱ्याहत्तरचे, काका सत्तरीचे. काका-काकूंना मूलबाळ नाही. दुकान रोज उघडतो माझा भाऊ, आणि कागदोपत्री तो साधा पगारी नोकर! जीएसटी रिटर्न आणि बँकेचा पत्रव्यवहार मी बघते. नंदनवनला नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजच्या प्लॉटवर बाबांच्या नावे राहतं घर आहे. ते दुकानाच्या सीसी लिमिटसाठी, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जासाठी, बँकेकडे गहाण आहे. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तीही बाबांनीच घेतलेली.

आतापर्यंत दोन वकील आणि एक सीए झाले. पहिले म्हणाले, सगळं पोराच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, दोनशे रुपयांत होतं. दुसरे म्हणाले, एचयूएफ (करासाठी हिंदू अविभक्त कुटुंब) करा. सीए म्हणतात, दुकानाची जागा आधी फर्ममध्ये भांडवल म्हणून आणा. आखीव पत्रिका तिघांपैकी एकानेही मागितली नाही.

बाबांचं एकच पालुपद : "आज सगळं लिहून दिलं तर उद्या तुझ्या आईला औषधासाठी हात पसरावा लागेल." भावावर त्यांचा अविश्वास नाही, पण आमच्याच ओळीत त्यांनी असं होताना पाहिलंय. भावाचंही चूक नाही. सगळी उमेदीची वर्षं दुकानात घातली आणि बँक त्याची सही धरत नाही. मला दुकानात रस नाही, बागेत आहे. हे घरात सांगून झालंय.

यंदा महालक्ष्म्यांच्या पंगतीत रायपूरच्या आतेभावाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, दुकानाच्या कागदात आईचं नाव आहे का हो कुठे?" बाबांनी त्याला आणखी आंबील वाढायला सांगितली. उत्तर दिलं नाही. तेव्हापासून घरात सगळे घाईवर आलेत.

तर सुरुवात कुठून करू? मृत्युपत्र, बक्षीसपत्र की फर्म?

बुटीबोरीवाला

ताई, वकील नाही मी, पण आधी फर्म पाहा. दोनच भागीदार, त्यातला एक गेला का फर्म खल्लास. भागीदारी कायदा १९३२, कलम ४२. पत्रात "फर्म सुरू राहील" असं लिहिलं असतं तरी उरलेला एकटा माणूस भागीदारी कोणाशी करणार? आमच्याकडे हेच झालं. पॅन बदलला, जीएसटीचा नंबर नवा घ्यावा लागला, शिल्लक क्रेडिट नव्या नंबरवर नेईपर्यंत दम निघाला, आणि बँक लिमिट थांबवून बसली. भावाला आजच तिसरा भागीदार करा. नवीन पत्रात मृत्यू, निवृत्ती आणि जाणाऱ्याचा हिशोब कसा काढायचा, हे सगळं लिहून घ्या. बाबांचा आर्थिक वाटा जास्त ठेवा आणि रोजचा कारभार भावाकडे द्या, म्हणजे दोघंही खुश राहून राहिले!

सिव्हिल लाइन्स

वकील आहे, पण हा सल्ला सर्वसाधारण समजा. मूळ कागद पाहिलेले नाहीत.

फर्म आणि फर्मची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्याकडे गेली चाळीस वर्षं त्या एकच धरल्या गेल्या. जागा आजोबांची स्वकष्टार्जित असेल तर १९८३ मध्ये ती हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आजी आणि चारही मुलांकडे सारखी गेली. आजीचा वाटा पुन्हा त्या चौघांत. म्हणजे आज प्रत्येकाचा पाव हिस्सा. आत्यांचा हक्क मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीने किंवा २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आलेला नाही, तो १९५६ च्या मूळ कायद्यातलाच आहे. त्यामुळे "त्यांची लग्नं आधीच झाली होती" हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. मोठ्या आत्यांचा हिस्सा त्यांच्या मुलांकडे आणि यजमान त्यांच्या मागे असतील तर त्यांच्याकडेही गेला. तुमचा आतेभाऊ भांडण उकरत नव्हता, बरोबर प्रश्न विचारत होता.

तेव्हा दुकानाच्या जागेपुरतं बाबा फक्त स्वतःच्या पाव हिश्श्याचं मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करू शकतात. घर आणि बाग पूर्ण त्यांची, ती कोणालाही देता येईल.

दोनशे रुपयांच्या मुद्रांकाची सवलत मुला-मुलींना, नातवंडांना दिलेल्या राहत्या घराला आणि शेतजमिनीलाच आहे. दुकानाला नाही, तिथे तीन टक्के आणि वर स्थानिक अधिभार. घर गहाण असल्यामुळे बँकेची लेखी संमती आणि लीज असल्यामुळे नासुप्रची परवानगी आधी हवी.

आईबद्दलची बाबांची काळजी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बक्षीसपत्र एकदा झालं की सहजी मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ चा आधार आहे, पण सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहा. ती नसली की पुढे वादाला जागा राहते. माझं मत विचाराल तर घराचं बक्षीसपत्र नकोच. मृत्युपत्रात घर आईला हयातभर वापरायला, नंतर कोणाला ते नाव घालून लिहा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, साक्षीदार दोन. नागपुरात प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर) सक्तीचं नाही. वय पाहता त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. आणि बाबा वकिलाला मजकूर सांगतील तेव्हा तुम्ही आणि भाऊ, दोघंही खोलीबाहेर बसा.

आकडेमोड

कराचं सांगतो. जागा फर्ममध्ये भांडवल म्हणून आणणं म्हणजे आणणाऱ्याच्या हातात भांडवली नफ्याचा कर. फुकटचं दुखणं. शिवाय चौघांच्या मालकीची जागा दोघं फर्ममध्ये आणणार कशी? एचयूएफही सोडा. स्वतःची मालमत्ता त्यात टाकली तरी उत्पन्न फिरून बाबांच्याच नावे मोजलं जातं.

आता खरी मेख. धाकट्या आत्यांनी बाबांच्या नावे विनामोबदला हक्कसोड केलं तर कराचा प्रश्न नाही, बहीण नातेवाईकाच्या व्याख्येत आहे. काकांनी तुमच्या भावाला काही दिलं तरी नाही, कारण पुतण्याला काका नातेवाईक. पण हे उलट्या दिशेने चालत नाही! मामाच्या व्याख्येत भाचा नाही. रायपूरच्या भाच्यांनी मामाला हिस्सा फुकट सोडला तर त्या हिश्श्याचं सरकारी मूल्य, पन्नास हजारांच्या वर असेल तर, मामाचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. पैसे देऊन घेतला तर भाच्यांना भांडवली नफा आणि तुम्हाला पूर्ण मुद्रांक.

नंदनवनची लेक

बापरे. म्हणजे रायपूरचा हिस्सा आहे तसाच ठेवायचा?

सिव्हिल लाइन्स

तसाही ठेवता येतो. फर्म त्यांना त्यांच्या हिश्श्याचं भाडं देईल, तसा रीतसर करार करा. नाहीतर सगळ्या वारसांमध्ये खरोखरीचं कौटुंबिक व्यवस्थापत्र, ज्यात प्रत्येकाला काहीतरी मिळतं. त्याचा मसुदा नीट जमणारा माणूस हाच तुमचा वकील. पहिल्या भेटीत तो आखीव पत्रिका, भागीदारीपत्र आणि बँकेचं मंजुरीपत्र मागतो का बघा. न मागता थेट दस्ताचा खर्च सांगायला लागला तर चहा पिऊन निघा. फी टप्प्यांप्रमाणे लेखी घ्या, आणि तो बाबांचा वकील असेल तर आत्यांच्या बाजूला वेगळा सल्ला घेऊ द्या. नंतर "आम्हाला समजावलंच नाही" हा आक्षेप येत नाही.

आधी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची ताजी नक्कल काढा आणि चारही शाखांची वारस नोंद करायला द्या. नोंदीने मालकी ठरत नाही, पण त्यावाचून पुढचं काहीच हलत नाही.

नंदनवनची लेक

नक्कल सोमवारी काढते. भावाला भागीदार करायला काकाही तयार आहेत, आत्ताच विचारलं. रायपूरला फोन मी करू की बाबांनी?

बुटीबोरीवाला

बाबांनीच, ताई. आणि वारस नोंदीची नोटीस त्याच्या घरी पोचायच्या आधी.