म्हणे २०१६ च्या आतलीच पिकअप घ्या!

कसारा_रिटर्न (धागाकर्ता)

निफाडच्या एका दादांची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. "पिकअप घ्यायची तर २०१६ च्या आतली शोधा. पुढच्या सगळ्या डबड्या. स्टेअरिंग कापसाचं, ॲक्सिलरेटर मुका, रिकामी गाडी बेडकासारखी उड्या मारते." खाली सगळ्यांचं 'खरंय दादा, खरंय दादा'. वाशीत माल उतरवून परत येताना रात्री दोनला इगतपुरीत वाचली आणि हातातला चहा गार झाला.

मी एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या तीन गाड्या चालवल्यात. २००९ ची वडिलांची, २०१५ ची हप्त्यांची, २०२१ चीही हप्त्यांचीच. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर सगळे आपापले झेंडे घेऊन येतील.

२००९ च्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. पंचवटीच्या मार्केट यार्डात, हमाल आणि हातगाड्यांमधून गाडी वळवून लावायची म्हणजे खांदे भरून यायचे. आज त्यालाच लोक 'रोड फील' म्हणतात. आम्ही तेव्हा जे म्हणायचो ते इथं लिहिता येणार नाही.

२०१५ चीला ॲक्सिलरेटरची केबल होती. पाय ठेवला की इंजिन ओ द्यायचं, कबूल. २०२१ ची बीएस६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाची, पाय आणि इंजिनाच्या मध्ये कॉम्प्युटर बसलाय. आपण 'दे' म्हणतो, तो 'बघतो' म्हणतो. एवढा फरक मला मान्य.

पण उड्या? अहो, दीड टनासाठी बनवलेले पाटे, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, रिकाम्या गाडीत वाकणार कशाला? २०१५ चीही मारायचीच उड्या. पुढं ते पाटे बसले, सांध्यातले रबरी बुश गेले, आणि त्या म्हातारपणाला तुम्ही 'मऊ गाडी' म्हणताय. दहा वर्षं रुळलेली गाडी आठवायची आणि कोऱ्या गाडीला नावं ठेवायची, हा न्याय कुठला? त्यात शोरूममधून बाहेर पडली की पहिली फेरी पाटे वाढवायला. मग म्हणायचं, कंपनीनं फसवलं.

जुनंतेसोनं_निफाड

ती पोस्ट माझीच. समोर विचारायचं सोडून वेगळा धागा काढलात, छान.

तुमचं लिखाण गोड आहे, पण मी २००४ पासून गाडी हाकतोय. २०१५ ची गाडी कांदा भरून चांदवडचा राहुड घाट तिसऱ्या गिअरात ओढायची. २०२२ ची तिथंच दुसरा मागते. तेवढेच कट्टे, तोच घाट, तोच मी. आता हेही माझ्या आठवणीचेच खेळ का?

पंपावरचा_पोपट

दादांना +१. बीएस६ आल्यापासून गाडीचा जीवच गेला. १ एप्रिल २०२० नंतरची गाडी म्हणजे दवाखान्यातला पेशंट, नाकात नळ्या.

आणि ॲव्हरेजचं तर बोलूच नका. जुन्या गाडीत कसारा न्यूट्रलमध्ये उतरलो की डिझेल वाचायचं. नवीत न्यूट्रल टाकूनही काटा हलतोच.

द्राक्षवाली

न्यूट्रलमध्ये? कसारा? भरलेल्या गाडीनं? दादा, तुम्ही किती वाजता निघता तेवढं सांगून ठेवा. मी त्या वेळेला घरी थांबेन.

धाग्याच्या विषयावर माझे दोन शब्द. बाग माझी, गाडीही मीच चालवते. (ड्रायव्हर कुठाय हा प्रश्न कृपया विचारू नये, तो पिंपळगावच्या गेटवर रोज विचारला जातो.) माझ्यासाठी गाडीचा फील म्हणजे क्रेटच्या तळाला किती मणी गळाले. जुनी २०१३ ची, नवी २०२१ ची. शेतापासून पॅकहाऊसपर्यंत तोच खडबडीत रस्ता. पहिल्या हंगामात नव्या गाडीनं रडवलं, मणीगळ जास्त. मग हवा मोजली. टायरवाल्यानं मागच्या दोन्ही चाकांत फुल लोडची हवा ठोकलेली आणि माझा माल जेमतेम सहाशे किलो. मालाच्या हिशेबानं हवा उतरवली, फरक त्याच दिवशी दिसला. म्हणजे धागाकर्त्यांचं बरोबर आहे. पण एक सांगते, नव्या गाडीचा क्लच हलका असला तरी तो कुठं पकडतो हे पायाला कळत नाही. क्रेट भरलेले असताना चढावर गाडी उचलायची म्हणजे दर वेळी नवा अंदाज. त्यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत.

कसारा_रिटर्न

ताई, क्लचचं मान्य. लिहायचं राहिलं.

दादा, राहुड घाटाचं उत्तर गिअरच्या दात्यांत आणि टर्बोत (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यात) शोधा. नवं इंजिन खालच्या आरपीएमला मंद असतं, जरा फिरवलं की जोर येतो. तुम्ही जुन्या सवयीनं लवकर वरचा गिअर टाकता, इंजिन गुदमरतं आणि मग दुसरा मागतं. गाडीनं सवय बदलली, तुम्ही नाही बदललीत.

जुनंतेसोनं_निफाड

वा! वीस वर्षं गाडी हाकली आणि आता गिअर टाकायला इंटरनेटवर शिकायचं. दीड लाख किलोमीटर झाले की आम्हालाही शिकवायला या.

मुंबईनाका_मुकादम

निफाडचे दादा तावातावानं बोलतायत, पण त्यांची २०१५ ची गाडी विकायला काढल्याची जाहिरात मी गेल्याच आठवड्यात पाहिली. 'सिंगल ओनर, टायर नवे, दम बघायला या.' आता कळलं २०१६ च्या आतलीच का घ्यायची ते. 😄

जुनंतेसोनं_निफाड

विकायला काढली म्हणून खोटं बोलतो काय? मुलीचं लग्न आहे, दोन गाड्या परवडत नाहीत. विकायची तर नवी विकावी असं बायकोही म्हणत होती. पण नवीवर कर्ज आहे. लोकांच्या घरात डोकावायची फार हौस दिसते मुकादमांना.

मुंबईनाका_मुकादम

बरं, माफ करा. लग्नाला बोलवा.

पंपावरचा_पोपट

माझ्या न्यूट्रलवर कुणी तांत्रिक उत्तर दिलं नाही. टोमणे सगळ्यांना जमतात.

पाटेवाला_अंबड

मी देतो.

नव्या कॉमन रेल (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात. चाकं इंजिन फिरवतात, टाकीतला एक थेंब जात नाही. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे तुम्ही वाचवायला म्हणून जाळताय. वर उतारावर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार चाकाच्या ब्रेकवर. तापले की पेडल खाली जातं आणि गाडी तशीच पुढं.

आणि जे इंजिनच बंद करतात, त्यांना नमस्कार. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनावरच्या पंपाकडून मिळतो. बंद केल्यावर पाय दोन-तीनदा दाबेपर्यंत ठीक, मग पेडल दगड. पॉवर स्टेअरिंगही गेलेलं. माझा चुलतभाऊ २०१२ ला असाच उतरत होता, टोमॅटोच्या जाळ्या भरून. कठड्याला घासत नेली म्हणून वाचला. जाळ्या दरीत आणि वर लोक गाड्या थांबवून टोमॅटो वेचायला. तो अजून ते सांगताना हसतो, मला हसू येत नाही.

पंपावरचा_पोपट

ठीक. पण जुन्या गाडीत वाचायचं.

पाटेवाला_अंबड

जुन्या पंपाच्या गाडीचा गव्हर्नरही (डिझेल कमीजास्त करणारा भाग) उतारावर डिझेल कापायचाच. पण राहू दे, तुम्हाला वाचल्यासारखं वाटत होतं ना, मग वाचलं.

आता मूळ मुद्दा. माझं पाट्यांचंच काम आहे. कोरी गाडी येते, मालक म्हणतो 'दोन्ही बाजूला दोन-दोन पाटे टाक, कट्टे जास्त बसले पाहिजेत.' मी टाकतो. पोट त्यावरच आहे. पण पाटे वाढले की रिकाम्या गाडीचं बूड वर उठतं, नाक खाली झुकतं. पुढच्या चाकाचा कॅस्टरचा कोन, म्हणजे स्टेअरिंग सरळ आणणारा मागचा कल, कमी होतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं ते येत नाही, हायवेला हातात सैल वाटतं. हाच तुमचा कापूस. त्याच मापाचे पाटे २०१५ च्या गाडीत टाका, तिचंही तसंच होईल. निफाडचे दादा, नव्या गाडीत किती टाकलेत?

जुनंतेसोनं_निफाड

दोन.

एका बाजूला.

कसारा_रिटर्न

दादा, मी काही बोलत नाही.

जुनंतेसोनं_निफाड

बोलू नकाच. कापसाचं अर्धं मान्य. मुक्या ॲक्सिलरेटरचं काय? तो काही मी बसवलेला नाही.

सातपूर_लोकल

ॲक्सिलरेटर राहू द्या, डीपीएफवर, सायलेन्सरच्या वाटेतल्या धूर गाळायच्या जाळीवर, बोला कुणीतरी. माझी सगळी भाडी सातपूर ते अंबड, जास्तीत जास्त सिन्नर. धुरातली काजळी त्या जाळीत अडकते आणि ती जाळायला इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. माझं इंजिन तापायच्या आत द्वारका येते आणि सगळं थंड होतं. गेल्या पावसाळ्यात दिवा पेटला, त्र्यंबक रोडला गाडीनं जोरच सोडला. चाळीसच्या वर जाईना, मागून रिक्षावाले हॉर्न मारतायत. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं, 'हायवेला फिरवून आणा.' म्हणजे दर पंधरा दिवसांनी रिकामी गाडी घेऊन घोटीला जायचं आणि चौथ्या गिअरमध्ये परत यायचं. डिझेल माझं, टोल माझा, काजळी सरकारची. ह्याला ड्रायव्हिंग फील म्हणायचं की नवस?

आणि हो, ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. आपण साडेतीन टनांच्या आतले, म्हणून आपण उकडून मेलो तरी चालेल.

द्राक्षवाली

एसी असता तर तुम्हीच काच उघडी ठेवून चालवली असती, डिझेल खातो म्हणून.

कसारा_रिटर्न

डीपीएफचं मी मूळ लेखात टाळलं, कारण माझी गाडी रोज वाशीला जाते, मला तो दिवा कधी दिसला नाही. लोकल भाड्याच्या माणसाला बीएस६ खरंच महागात पडते, हे कबूल करतो. पण त्यावरून '२०१६ नंतरच्या सगळ्या डबड्या' होत नाहीत. २०१७ ते २०२० मध्ये बीएस४ वाल्या, आधीच्या नियमाच्या गाड्या होत्या, त्यांना हा त्रास नाही. दादांनी त्यांनाही एका दमात डबड्यात टाकलं.

जुनंतेसोनं_निफाड

बीएस४ वाल्या बऱ्या होत्या. पोस्टमध्ये साल चुकलं. २०२० वाचा.

मुंबईनाका_मुकादम

जाहिरातीतही २०२० करणार का?

जुनंतेसोनं_निफाड

मुकादम, तुमचं आमंत्रण रद्द.

पाटेवाला_अंबड

दादा, रविवारी अंबडला या. जादाचे पाटे काढून देतो, काढायचे पैसे नाही घेत. एक खेप कमी कट्टे भरून चालवून बघा. नाही पटलं तर परत टाकू. टाकायचे मात्र घेईन.

जुनंतेसोनं_निफाड

रविवारी नवऱ्यामुलाकडचे पाहुणे आहेत. सोमवारी येतो. २०१५ ची घेऊन येतो, तिचेही तपासा. गिऱ्हाईक म्हणतंय मागून किरकिर आवाज येतो.