भुकेने क्रांती होते म्हणणाऱ्यांना उत्तर

सरळरेघ:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘पोट रिकामं झालं की क्रांती होते, आणि शेवटी राजाच्या जागी हुकूमशहा बसतो. बाकी काही बदलत नाही.’ खाली सहमतीची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

भूक पुरली असती तर १९४३ साली बंगालमध्ये क्रांती झाली असती. तिथे लाखो माणसं मेली, सरकार जागचं हललं नाही. फ्रान्समध्ये १७८८ ला गारपिटीने पीक गेलं, पाव महागला, मान्य. पण पिकं आधीही बुडत होती. या वेळी तिजोरी रिकामी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कर्ज काढून पैसा ओतलेला, आणि सरदार-धर्मगुरू कर भरायला तयार नाहीत. म्हणून सोळाव्या लुईला १६१४ नंतर पहिल्यांदा तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली. पॅरिसच्या बॅस्ती या तुरुंग-किल्ल्यासमोर तोफा लावल्या त्याही राजाच्याच फुटलेल्या शिपायांनी. रशियात १९०५ साली सैन्याने गोळ्या झाडल्या, झार टिकला. १९१७ ला राजधानी पेट्रोग्राडच्या पलटणी उलटल्या आणि आठवड्याच्या आत त्याने गादी सोडली. भूक दोन्ही वेळी होतीच.

रिकामी ओंजळ:
‘कुणीतरी’ म्हणजे मी. पेट्रोग्राडमध्ये पहिल्या दिवशी रस्त्यावर कोण होतं? पावाच्या रांगांना विटलेल्या बायका, कापडगिरण्यांतल्या कामगारणी. १७८९ च्या ऑक्टोबरात व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या त्याही बाजारातल्या बायका. पलटणी नंतर फुटल्या. लहानपणी आम्ही सहा महिने एकवेळ जेवून काढलेत. भूक माणसाचं काय करते ते मला शिकवू नका.

सरळरेघ:
त्या सहा महिन्यांत घरातल्या कुणी बंड केलं का? आमच्या कारखान्यात चार महिने पगार थकला, सगळे माना खाली घालून काम करत होते. मग अर्धा पगार देऊन उरलेल्याची तारीख दिली. ती तारीख टळली, त्याच दिवशी आम्ही फाटक बंद पाडलं. तोवर कुणाला आशाच नव्हती.

रिकामी ओंजळ:
माझ्या घरात शिरायचं कारण नव्हतं. आणि हो, आई उठून भांडली होती. एकटीच.

तळघर:
दोघांच्याही बोलण्यात कॅरिबियनमधलं हैती नाही. कधीच नसतं, शाळेपासून हेच पाहतोय. १७९१ च्या ऑगस्टमध्ये गुलाम उठले, तेव्हा ती फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत होती आणि राबणारे गुलाम जवळपास पाच लाख. पॅरिसने १७९४ ला गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने ती परत आणायला धाडलेली फौज १८०२ ला तिथे उतरली. तिला हरवून १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला. ‘बाकी काही बदलत नाही’ हे ज्या आईची मुलं विकली जायची तिला सांगा.

रिकामी ओंजळ:
त्यांचा सेनानी देसालीन त्याच वर्षी सम्राट झाला की!

धूळपाटी:
आणि त्याच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंचांची कत्तल झाली, बायकामुलांसकट. ते का गाळलं?

तळघर:
गाळलेलं नाही, ती कत्तलच होती. पण हिशेब तिथूनच सुरू करायचा आणि मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मेलेले मोजायचेच नाहीत, याचा मला संताप येतो. १८२५ ला फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, मालकांच्या ‘नुकसानी’चे! पुढे रक्कम ९ कोटींवर आली. ती फेडायला हैतीने फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलं. क्रांतीनंतर देश गरीब राहिला की दोष क्रांतीला देता, मग हा हप्ता कुणाच्या खात्यावर मांडता?

धूळपाटी:
कर्जाआधी, स्वातंत्र्याच्याही आधी, उठावाचा पुढारी तूसाँने मोकळ्या झालेल्या माणसांना पुन्हा त्याच मळ्यांवर सक्तीने राबवलं होतं. फ्रान्सने लावलं होतं का त्याला तसं करायला?

तळघर:
नाही. साखर विकल्याशिवाय फौज उभी राहणार नव्हती, पण राबणाऱ्याला ते काय सांगणार? तो मुद्दा तुमचा. तरी त्या माणसाचं पोर आता विकता येत नव्हतं.

सरळरेघ:
धागा कारणांवर होता. तिजोरी, सैन्य...

तळघर:
गुलामांची कुठली तिजोरी रिकामी झाली होती?

सरळरेघ:
पॅरिसमधली सत्ता डळमळली नसती तर तो उठाव आधीच्यांसारखा चिरडला गेला असता. पण १७९१ ला उठावाआधी रानात जमलेल्या गुलामांना माझं गणित पुरत नाही, हे कबूल.

रिकामी ओंजळ:
हैतीपुरतं ‘बाकी काही बदलत नाही’ मागे घेते. भुकेचं घेत नाही.