मदत हवी आहे: ऊसतोड आणि भटक्या समाजाच्या आरोग्यासाठी एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र) करायचंय

नमस्कार मंडळी, मी सांगलीची, बीएएमएस आणि इंटर्नशिप झालीय, घरी सगळे म्हणतायत आता दवाखाना टाक पण मला साथरोगशास्त्रच करायचंय, आणि तेही ऊसतोडवाले, भटके-विमुक्त यांच्यासाठी.

कारण सांगते. गाळप हंगामात आशाताईंबरोबर वाळव्याकडं कोप्यांवर (ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांवर) लसीकरणाला गेले होते, तिथं एका ताईंच्या बाळाचं कार्ड गावाकडं पेटीतच राहिलेलं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, आणि ही माणसं बीडकडनं येऊन सहा-सहा महिने इकडं फडात, मग पोर ना तिकडच्या यादीत ना इकडच्या. मोजदादच नाही तर साथ आल्यावर शोधायचं कुणाला? मला हेच काम आयुष्यभर करायचंय.

मुंबईला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल एपिडेमिऑलॉजीचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) आहे, चेन्नईला आयसीएमआरच्या एनआयईमध्ये (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था) एपिडेमिऑलॉजी अँड हेल्थ सिस्टिम्सचं. माझा ओढा टिसकडं, पण आकडेमोड पक्की व्हायला चेन्नई बरं असं एक सर म्हणाले. दोन्हीपैकी कुठं कुणी शिकलंय का? बीएएमएसवाल्यांना पुढं अडचण येते का? स्टॅटिस्टिक्स आधीच घरी करून जावं का?

आणि आयडीएसपीत (साथीच्या आजारांवर नजर ठेवायचा सरकारी कार्यक्रम) जिल्ह्याला एपिडेमिऑलॉजिस्टची कंत्राटी पोस्ट असते, त्यावर कुणी असाल तर प्लीज सांगा, वस्तीवर जायला मिळतं की रिपोर्ट भरण्यातच दिवस जातो? सातारा-सांगली-कोल्हापूरकडचं कुणी असेल तर भेटायलाही येईन.