कव्हर गाणी (म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगाने केलेलं) मूळ गाण्याच्या तोडीची होतात का? तुमचे अनुभव लिहा

खाडीकाठचा
परवा पाऊस यायच्या आधी माळा साफ करायला काढला (दरवर्षी नुसतं ठरतं, यंदा खरंच काढला) आणि पत्र्याच्या ट्रंकेत काकाच्या कॅसेटी मिळाल्या. सगळ्यांवर पांढरी बुरशी. काका वास्कोला कामाला होता, येताना रॉकच्या कॅसेटी आणायचा आणि मित्राची असेल तर दोन टेप समोरासमोर ठेवून घरातच रेकॉर्ड करायचा, वायर बियर काही नाही, तेवढा वेळ सगळ्यांनी गप बसायचं. त्यातलंच एक नॉकिंग ऑन हेवन्स डोअर, गन्स अँड रोझेसवालं, १९९१चं. गिटार ऐन रंगात आलेली असते आणि मागून आजी ओरडते, "पेज निवता मरे, येतंस काय नाय?"

हे मी शेकडो वेळा ऐकलंय. पुढे रत्नागिरीला हॉस्टेलवर रूममेटने सांगितलं की गाणं बॉब डिलनचं आहे, १९७३चं. ऐकलं तर अडीच मिनिटांत खलास! मला वाटलं ह्यानेच दुसऱ्याचं उचललंय आणि जमलं नाहीये. ते मरायला टेकलेल्या माणसाचं गाणं आहे, सिनेमात प्रसंगही तसाच आहे, हे कळायला चाळिशी यावी लागली. आता डिलनचं जास्त आवडतं. पण कुठलंही लावलं तरी मधेच आजीच्या हाकेची वाट बघतो, आणि ती येत नाही.

तर तुमचं काय? पहिलं कानावर पडतं तेच खरं वाटतं का? का एखादं कव्हर खरंच मूळ गाण्याच्या पुढे गेलंय?

तिरफळ
पेज निवता 😂😂 आमच्याकडे पण सेम, फक्त आमच्या टेपमध्ये कोंबडा आहे

शॅकवाला गिटार
मी बोलू का, माझं पोटच ह्याच्यावर आहे. सीझनला तारकर्लीत संध्याकाळी वाजवतो. रोज न चुकता एक फर्माईश, हॉटेल कॅलिफोर्निया. मी वाजवायचो १९७६च्या अल्बममधलं, बारा तारांच्या गिटारवाली सुरुवात, शेवटी दोन गिटारींची जुगलबंदी (एकट्याने काय कप्पाळ जुगलबंदी, असो). तर एकदा एक काका उठून आले, भाऊ ओरिजिनल वाजवा ना, ते टाळ्या पडतात ते. म्हणजे १९९४चं! ईगल्स परत एकत्र आले तेव्हाचं, अकूस्टिक, लोकांसमोर केलेलं. त्यांच्या लेखी तेच ओरिजिनल. वाद घातला नाही, वाजवलं, लोकांनी टाळ्या दिल्या, काकांनी पाचशे रुपये दिले. तेव्हापासून तेच वाजवतो. बाकी खाऱ्या हवेत तारा महिनाभर टिकत नाहीत, पाचशे त्यातच जातात.

कुकरची तिसरी शिट्टी
स्वतःच्याच गाण्याचं केलं तर त्याला कव्हर म्हणायचं का पण? क्लॅप्टनचं लैला तसंच ना, आधी १९७०चं पेटलेलं आणि मग १९९२ला खुर्चीत बसून निवांत. मला खुर्चीतलं आवडतं. नवऱ्याला पेटलेलं. सविस्तर नंतर लिहिते, कुकर झाला

दादरा-केरवा
तबलजीच्या नजरेतून सांगतो. बीटल्सचं विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स, १९६७, रिंगो गायलाय, सरळ चाराच्या चालीत, म्हणजे आपला केरवाच. मित्र खांद्यावर हात टाकून चाललेत असं हसतखेळत. जो कॉकरने पुढच्याच वर्षी ते गाणं संथ करून सहाच्या चालीत नेलं, दादऱ्यात! शब्द जवळपास तेच, पण आता तो मदत मागत नाहीये, भीक मागतोय. १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातला व्हिडिओ बघा, हात असे वेडेवाकडे हलतात की घरच्यांनी ओवाळून टाकायला नारळ आणावा. मी म्हणतो ताल बदलला की माणूस बदलतो, मग ते कव्हर राहतच नाही. आमचे भजनी बुवा हेच करतात, सिनेमाची चाल घेतात, ठेका बदलतात आणि अभंग असा बसवतात की जन्माला तसाच आला असं वाटावं.

शिमग्याचो सोंगाडी
@दादरा-केरवा बुवांचा विषय काढलात म्हणून. आमच्या वाडीत डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) होती, मी असेन सातवीत. बुवांनी एका चालीवर गजर घेतला, सगळी वाडी महिनाभर तोच गुणगुणत होती. मग कणकवलीला थेटरात पिक्चर बघायला गेलो आणि पडद्यावर तीच चाल! आमच्यातला एक जण भर थेटरात उठून उभा राहिला, "आमच्या बुवांची चाल चोरल्यानी रे!"
मागच्यांनी गप बसवला. पण मला अजून वाटतं तो बरोबर होता

तिरफळ
😂😂😂 चोरल्यानी

बोटीवरच्याची लेक
बाबा बोटीवर होते, एकतीस वर्षं. घरात गाणी फार नाहीत, त्यांना रेडिओवर बातम्याच लागायच्या. शेवटचं वर्ष अंथरुणात होते, उजवी बाजू गेलेली, बोलणं कमी. भाचा त्यांच्या खोलीत बसून मोबाईलवर काहीतरी ऐकत होता, हर्ट, जॉनी कॅशचं. मी ओरडायला गेले की आवाज कमी कर तर बाबांनीच हाताने थांबवलं. गाणं संपल्यावर विचारलं, "हा म्हातारा कोण?" आणि मग बऱ्याच वेळाने, "ह्याचं काहीतरी गेलंय."
त्यांना इंग्लिश बोटीपुरतं यायचं, शब्द किती कळले माहीत नाही.
नंतर भाच्याने सांगितलं की गाणं मुळात नाईन इंच नेल्स बँडचं, १९९४चं, ते लिहिलं तेव्हा त्यांचा ट्रेंट रेझनर तिशीचाही नव्हता. कॅशने २००२ला गायलं तेव्हा तो सत्तरीचा. व्हिडिओत मागे उभी राहून बघते ती त्याची बायको, २००३च्या मे महिन्यात ती गेली आणि सप्टेंबरात हा. रेझनरनेच नंतर म्हटलं की गाणं आता माझं राहिलं नाही. मी मूळ गाणं पण ऐकलं, वाईट नाही, तरुण माणसाची चिडचिड आहे, ती पण खरीच. पण मला ते परत ऐकवत नाही. म्हाताऱ्याचं ऐकते, दिवाळीच्या आसपास, बाबा तेव्हा गेले.

कुकरची तिसरी शिट्टी
@बोटीवरच्याची लेक 🙏 काय लिहू कळत नाही. माझे वडील पण बोटीवरच

खाडीकाठचा
ताई 🙏 आता तेच लावलंय

एकदम मूळ
सगळे कव्हरचे गोडवे गातायत म्हणून मी उलट लिहितो. नाही होत तोडीचं. शंभरात दोन होतात आणि आपण त्या दोनांचीच नावं घेत बसतो. साउंड ऑफ सायलेन्स घ्या, सायमन आणि गारफंकलचं किती हळुवार, आणि २०१५ला डिस्टर्ब्ड नावाच्या बँडने केलं, तो गायक शेवटी असा गरजतो की वाटतं दर्याला उधाण आलं. अहो शांततेचं गाणं ना ते? इतकं ओरडायचं कशाला

शॅकवाला गिटार
@एकदम मूळ पण सायमनने स्वतः त्या गायकाला मेल करून कौतुक केलं होतं. आणि तुम्ही ज्याला मूळ म्हणताय ते तरी कुठलं? पहिलं १९६४चं, नुसत्या गिटारवर, अल्बम चालला नाही, दोघं वेगळे झाले. मग १९६५ला निर्मात्याने त्यांना न विचारता त्याच्यावर ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार चढवली, आणि ते पहिल्या नंबरवर गेलं. बहुतेकांच्या कानात बसलंय ते हे दुसरं. म्हणजे मूळ गाण्यालाच शेंदूर फासलेला

एकदम मूळ
शेंदूर फासला तरी देव तोच ना भाऊ. असो, कौतुकाचं मान्य

कलमवाला
मूळ मूळ काय करताय सगळे. हापूस म्हणजे काय? कोय रायवळाची रुजवायची, त्याच्यावर हापूसची काडी बांधायची, कोय कलम. खाली दुसरंच झाड, वर फळ हापूस. आणि कलमाशिवाय हापूस नाही. कोय लावून हापूस धरत नाही कोणी, धरला तरी आईसारखा येईल ह्याची खात्री नाही. हेंड्रिक्सने डिलनच्या गाण्यावर हेच केलं, ऑल अलाँग द वॉचटॉवर, डिलनचं १९६७ आणि ह्याचं १९६८. १९७०ला हेंड्रिक्स गेला आणि नंतर डिलन स्वतःच ते हेंड्रिक्सच्या ढंगाने वाजवायला लागला. खुंटाने (खालच्या झाडाने) काडीकडून शिकल्यासारखं झालं

तिरफळ
कलमवाले पेटी काय भावाने चाललीये?

कलमवाला
आता कसली पेटी, संपलं. पावसाने शेवटचा तोडा घालवला. कॅनिंगला दिला उरलेला

तिरफळ
आणि देवगडच्या खोक्यात कर्नाटकचा आंबा विकतात ते कव्हर का 😜

कलमवाला
ते कव्हर नाही ती चोरी. २०१८ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी रस्त्यावर चालूच आहे. ह्याच्यावर मी रात्रभर लिहीन, नको

वडील मुलगा कंपनी
ट्रेनमध्ये आहे, रेंज जाते येते, थोडक्यात. २०१२, वॉशिंग्टनचा केनेडी सेंटरचा कार्यक्रम, लेड झेपलिन बँडचे उरलेले तिघं वर सज्जात बसलेत आणि खाली हार्ट बँडच्या दोघी बहिणी त्यांचंच स्टेअरवे टू हेवन करतायत. ड्रमवर जेसन बोनम, झेपलिनच्या गेलेल्या ड्रमर जॉन बोनमचा मुलगा. झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याचे डोळे भरतात बघा. आमच्या गावच्या दशावतारात संकासुराचं काम वडील करायचे, ते थकल्यावर मुलाने पहिल्यांदा केलं तेव्हा वडील पहिल्या रांगेत खाली चटईवर बसलेले. मुलगा एका जागी चुकला. वडिलांनी खालून शब्द नाही दिला, मान खाली घातली, मुलाने स्वतःच निभावलं. दोन्ही वेळेला मला कोण चांगलं करतंय हे कळतच नव्हतं, मी बसून बघणाऱ्याकडेच बघत हो
बोगदा होता. हेच लिहायचं होतं

कुकरची तिसरी शिट्टी
आले परत. नवरा म्हणतोय लिही की ब्लॅक मॅजिक वूमन फ्लीटवूड मॅकचं आहे, १९६८चं, सांतानाने दोन वर्षांनी केलं, आणि ऐंशी टक्के लोकांना माहीत नाही. टक्के त्याचे आहेत, माझे नाहीत. मला स्वतःला पण आजच कळलं, वीस वर्षं सांतानाचं समजून भांडी घासतेय

बुरशीतज्ज्ञ
@खाडीकाठचा विषय सोडून लिहितो पण महत्त्वाचं. ती कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नका!! बुरशी हेडला लागते आणि मग दुसऱ्या कॅसेटींना. उन्हात पण ठेवू नका. स्क्रूवाली रिकामी कॅसेट मिळवा, रीळ काढून तिच्यात घाला, मऊ सुती फडक्यातून हळूहळू हाताने गुंडाळा, तोंडावर मास्क लावा, अंगणात बसून करा. घाई केली की तुटते. पहिल्यांदा चालली की लगेच मोबाईलवर उतरवून घ्या, दुसरी संधी देत नाहीत ह्या

खाडीकाठचा
@बुरशीतज्ज्ञ तुमच्या पाया पडतो. रविवारी अख्खी दुपार गेली. पेन्सिल, फडकं आणि बायकोच्या शिव्या. चालली! आवाज पाण्यातून आल्यासारखा, गिटार अर्धी गेलीये, ड्रम तर ओळखूच येत नाहीत. आजी एकदम स्वच्छ.
काकाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला गाणं कुठलंय रे?

तिरफळ
पेजेबरोबर काय असायचं ते सांग

खाडीकाठचा
खारातली कैरी. आणि वार नसला तर भाजलेला सुको बांगडो