भाजी-पाव बंद करून आयांच्या खात्यात पैसे टाकले तर?

अळसांदे, डिचोली तालुका

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्र जाणणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारते. मी स्वतः दहावी.

आमचा दहा बायकांचा बचत गट. सात वर्षं दोन सरकारी प्राथमिक शाळांना माध्यान्ह आहार आम्ही पुरवतो. गोव्यात माध्यान्ह आहार म्हणजे मुख्यतः भाजी-पाव, हे इथल्यांना सांगायला नको. परवा ग्रामसभेत एक पंच उठून म्हणाले, "ही पावांची कटकट हवी कशाला? गृहिणींना दरमहा गृह आधार योजनेचे पैसे जातात तसे हेही आयांच्या खात्यात घाला. पोरांना काय हवं ते आया करून घालतील." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. बोलले असते तर म्हणाले असते, हिच्या पोटावर येतंय म्हणून बोलते. येतंयच, नाही कशाला म्हणू?

पण माझ्याकडे एक वही आहे. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, पाव आदल्या रात्री सांगावे लागतात आणि उद्या किती मुलं येणार ते तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मी रोज लिहिते: किती पाव घेतले, किती खाल्ले, किती उरले, भाजी कुठली. वहीत दोन गोष्टी दिसतात. सोमवारी पाव उरतात. गुरुवारी अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) असतं, त्या दिवशी डबा पुसून परत येतो. माझं म्हणणं, पोरं भाजी बघून येतात. मुलगा बी.ए.ला अर्थशास्त्र शिकतो, तो म्हणतो, "आई, असं सिद्ध होत नाही."

तर प्रश्न दोन. पैसे बरे की जेवण? आणि माझ्या वहीवरून काही सिद्ध होतं का?

---

झरीची वाट, म्हापसा

पैसे दिले तर अर्धे मोबाइलच्या रिचार्जला आणि उरलेले घरच्या पुरुषाच्या बाटलीत. चर्चा संपली. भाजी चालू ठेवा.

---

जुना मास्तर, पेडणे

चर्चा संपली नाही. बाटलीचं हे सगळेच बोलतात, पण जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ साली देशोदेशींचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. गरिबाला पैसे वापरता येत नाहीत, हा आपला खाऊन-पिऊन सुखी माणसांचा समज.

रोख देण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मेक्सिकोचं. १९९७ साली तिथे प्रोग्रेसा सुरू झालं. पैसे आईच्याच हाती, पण अट घालून: मूल शाळेत ८५ टक्के दिवस हजर हवं आणि घरच्यांची दवाखान्यात ठरल्या वेळी तपासणी हवी. हजेरी वाढली, विशेषतः प्राथमिक संपवून पुढे जाणाऱ्या मुलींची. पण ती अट पाळली की नाही हे तपासायला माणसं लागतात, कागद लागतात. आमच्या पंचांना अट नकोय, नुसतं खातं हवंय.

आता जेवणाचं. शाळेत जेवलं की घरी ताटात कमी वाढतील, अशी शंका अर्थशास्त्रज्ञांना आधीपासून होती. फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात तपासलं. शाळेत जे मिळतं त्याच्या निम्म्यापासून ते जवळजवळ सगळ्यापर्यंत भर मुलाच्या दिवसभराच्या खाण्यात पडते, असं निघालं. म्हणजे घरच्यांनी हात फारसा आखडता घेतला नाही. खात्यातला रुपया घरभर वाटला जातो, पाव त्या पोराच्याच पोटात जातो. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश काढला. त्याआधी बऱ्याच राज्यांत कोरडं धान्य घरी जायचं. हा फरक त्याच्याही मुळाशी आहे.

आणि एक. २०२१ साली एक अभ्यास आला. लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली मोठ्या होऊन आया झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची तुलनेने बरी भरली. ताई, तुमच्या तोणाकाचा परतावा मोजायचा तर वीस वर्षं थांबावं लागेल. एवढं थांबणारा पंच मी पाहिलेला नाही.

वहीबद्दल मुलाचं बरोबर आहे. सोमवारी पोरं कमी येतात ती भाजीमुळे की रविवारच्या आळसामुळे? दोन्ही एकाच दिवशी पडतं, मग वेगळं कसं करणार? उपाय सोपा आहे. महिनाभर अळसांदे सोमवारी करा आणि सोमवारची भाजी गुरुवारी. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांच्या कामाचं बीज हेच. फक्त ते कुठल्या शाळेला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात.

---

उपकेंद्रवाली, सत्तरी

मी आरोग्यखात्यात नर्स आहे. मास्तर, जेवणाची एक बाजू तुमच्या हिशोबात आली नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिवस असतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. १ ते १९ वर्षांपर्यंतच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला द्यायची. शिवाय आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी. ही गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि एक पोर ओकलं की बाकीची तोंड मिटून बसतात. मग मी कितीही गोड बोलले तरी उपयोग शून्य. म्हणून मी भाजीचा डबा यायची वाट बघते. तुमचं जेवण नसेल तर माझ्या गोळ्या दप्तराच्या तळाशी सापडतील.

केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांत क्रेमर आणि मिगेल यांनी जंताच्या गोळ्यांचा प्रयोग केला होता. गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. गंमत म्हणजे ज्यांनी गोळी घेतली नाही त्यांनाही फायदा झाला, कारण मातीतलीच अंडी कमी झाली. पण परीक्षेतले गुण वाढले नाहीत, आणि पुढे २०१५ च्या सुमारास त्या आकडेमोडीवरून संशोधकांत चांगलीच जुंपली. तेव्हा गोळीने पोर हुशार होतं असं मी सांगत फिरत नाही. एवढंच सांगते की पोट दुखत असलेलं पोर घरी राहतं.

---

अळसांदे, डिचोली तालुका

सगळ्यांचे आभार. मास्तरांचं ऐकलं, महिनाभर दिवस बदलले. इतर बायकांनी मला वेड्यात काढलं. अळसांदे रविवारी रात्री भिजत घालायचे, म्हणजे रविवारची सुट्टीही गेली.

निकाल असा. सोमवारी पूर्वी उरायचे तितके पाव उरले नाहीत, पण सगळे संपलेही नाहीत. गुरुवारी कोबी करूनही फार फरक पडला नाही. मुलाने वही उघडून मुलांनुसार मांडणी केली तेव्हा कळलं. गावातली जुनी पोरं कोबी असो की अळसांदे, यायची तेव्हा येतात. फरक पडतो तो भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या चार-पाच पोरांत. आईबाप बांधकामावर, सकाळी चूल पेटलेली नसते. ती सोमवारीसुद्धा आली.

त्यातली एक तिसरीतली आहे. एक पाव खाते, दुसरा दप्तरात घालते. घरी धाकटा भाऊ आहे, अजून शाळेत न जाणारा. नियमाने डबा शाळेतच संपवायचा असतो. बाई बघतात आणि फळ्याकडे तोंड करतात. मास्तरांच्या आफ्रिदीबाईंनी मोजला तो निम्मा बहुतेक हाच असेल. आता मी त्या शाळेसाठी दोन पाव जास्त सांगते. ते कुठल्याच बिलात नाहीत.

आणि आता पंचांना द्यायचं उत्तर मला सापडलंय. खात्यात पैसे टाकायचे तर त्या आईचं खातं हवं, आधार हवं, इथल्या वास्तव्याचा दाखला हवा. तिच्याकडे यातलं एकच असेल, आणि तेही गावाकडच्या पत्त्याचं. भाजी वाढताना मी कुणालाच विचारत नाही तू कुठली. पैसे आले तर आधी ज्यांना मिळतील ती घरं आधीच बरी आहेत. जिच्यासाठी योजना, तीच यादीत नसणार.

मास्तर, एक विचारायचं राहिलंच. या योजनेला दर मुलामागे किती खर्च येतो ते सरकार मोजतं. पण बिलं दोन-तीन महिने अडकतात तेव्हा मध्ये तेल, कांदे, नारळ कोण उभं करतं? आम्ही. वाण्याकडे उधारी आमच्या नावावर. गेल्या गणेश चवथीला बिल यायचं होतं, आलं नाही. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामानही उधारीवरच आणलं. हे व्याज कुठल्या पुस्तकात धरतात?

---

जुना मास्तर, पेडणे

ताई, बहुतेक पुस्तकांत धरत नाहीत. योजना स्वस्त दिसते त्यात तुमची उधारी हा एक मोठा वाटा आहे, आणि तुमचा वेळ हा दुसरा. खरा हिशोब करायचा तर तुमच्या वहीत आणखी दोन रकाने हवेत: बिल कधी दिलं, पैसे कधी आले. वर्षभराचं जमलं की ग्रामसभेत तोंडी बोलू नका, नुसते रकाने वाचून दाखवा.

आणि वहीची दोन-चार पानं इथे टाकता आली तर बघा. पोरांची नावं मात्र झाका.

---

अळसांदे, डिचोली तालुका

टाकते. पानं तेलकट झालीत, मागचं पुढे उमटलंय. मुलगा म्हणतो नीट उतरवून देतो. मी म्हटलं, आहे तसंच टाक. नाहीतर पंच म्हणतील रात्रीत लिहून काढलं.